आवाज कसा आला होता?

(दुपार. बोटी दुरुस्त करायचं गॅरेज. ट्रेलरवर एक जुनी वॉटर स्कूटर, तिचं सीट काढून बाजूला ठेवलेलं. उघड्या दाराशी खुर्चीत म्हातारे वडील.)

छोटी : परत सांग, दादा. आवाज कसा आला होता?

दादा : सांगितलं ना एकदा.

छोटी : तेव्हा मी हिच्या पोटात डोकं घालून बसले होते, अर्धं ऐकू आलं नाही. तू बटण दाबलंस. मग ही घरघरली, की नुसतं टक् करून गप्प बसली?

दादा : घरघरली. पेटत नव्हती.

छोटी : बराच वेळ?

दादा : आता मी काय घड्याळ लावून बसलो होतो? समोर माणूस बुडत होता.

छोटी : चिडू नकोस रे. मी पोलीस नाही, बहीण आहे तुझी. घरघरली म्हणजे स्टार्टर फिरत होता. म्हणजे दोष एक तर ठिणगीत, नाहीतर पेट्रोलमध्ये. हा दिवा धर. इथे, प्लगवर पाड उजेड.

अप्पा : बॅटरी बघितलीस का गं?

छोटी : सकाळीच बघितली, अप्पा. भरलेली आहे.

अप्पा : आं?

छोटी : भरलेली आहे बॅटरी!

अप्पा : इंजिन उघडायच्या आधी बाहेरून बघावं. सांगून सांगून थकलो मी.

छोटी : बाहेरूनच आत चाललेय. हं. निघाला प्लग. दादा, उजेड माझ्या डोळ्यात नको, प्लगवर. बघ हा. कोरडा. बदामी रंग, छान जळलेला.

दादा : मग?

छोटी : मग काय. तू एवढं बटण दाबत होतास, ही घरघरत होती, तर न जळलेलं पेट्रोल कुठे गेलं? प्लग ओलाचिंब, तेलकट व्हायला हवा होता. हा बघ, नुकता आंघोळ करून आल्यासारखा.

दादा : रविवारपासून पडून आहे. वाळला असेल.

छोटी : पेट्रोल वाळेल. त्यातलं ऑईल कुठे जाईल? दुसराही तसाच. म्हणजे पेट्रोल वर आलंच नाही. कार्बोरेटर. बाई गं. शेवटी माझ्यावरच आलं.

दादा : तुझ्यावर कसं?

छोटी : कार्बोरेटर कोणी साफ केला होता? मी. त्याच आठवड्यात. बसवताना काही राहिलं असेल, एखादा कण, एखादी नळी दुमडली असेल. रविवारपासून मी रोज डोळे मिटून ते सगळं परत बसवतेय, दादा. प्रत्येक स्क्रू. कुठे चुकले ते सापडत नाही.

दादा : मग नको शोधू. जुनं इंजिन आहे, बंद पडतं कधी कधी, असं सांग तलाव समितीला.

छोटी : वा. आणि समिती म्हणेल, बरं झालं सांगितलंत, या आमच्या मांडीवर बसा. अरे, उन्हं उतरली की सेक्रेटरी येणार आहे. दोष दाखवा, नाहीतर तलावाच्या सगळ्या बोटी हमरस्त्यावरच्या गॅरेजला. त्यानं तोंडावर सांगितलंय. मग मी या शेडमध्ये बसून सायकलींची पंक्चरं काढायची का?

दादा : तसं नाही होणार.

छोटी : तसंच होणार. सरक जरा. पेट्रोलची नळी काढते. हे बघ, आलं भसकन. फिल्टर... फिल्टर स्वच्छ आहे. पाणीबिणी नाही त्यात. कार्बोरेटरच्या तोंडापर्यंत पेट्रोल हजर.

दादा : मग ठिणगी नसेल.

छोटी : ठिणगी नसती तर प्लग ओला असता. एवढ्यात विसरलास? बरं, तेही बघू. प्लग वायरच्या टोपीत घालून इथे लोखंडाला टेकवते. तू वर जा, बटण दाब. दाब ना.

दादा : दाबलं.

छोटी : नाही दाबलंस.

दादा : दाबलंय गं.

छोटी : मग आवाज का नाही? थांब. अरे देवा. दोरी कुठाय? दोरीची टोपी लावलीच नाहीस तू. कमाल आहे. रोज पर्यटकांना कोण पाठ म्हणून दाखवतं? “लाल दोरी मनगटात, दोरीची टोपी हँडलवरच्या खुंटीवर. माणूस पाण्यात पडला की टोपी निघते, इंजिन बंद. टोपी नसेल तर इंजिन हूं की चूं करणार नाही.” तुझ्या आवाजात मला झोपेतही म्हणता येतं ते.

दादा : लक्षात नाही आलं.

छोटी : त्या खिळ्यावर आहे बघ दोरी. लाव.

दादा : तू लाव. माझे हात तेलकट झालेत.

छोटी : दिवा धरून? आण इकडे. ही लागली. दाब आता. बघ, बघ. जांभळी, चटचटीत. काय ठिणगी आहे. दुसरा प्लग. तीही तशीच. दादा, मला रडू येईल आता.

अप्पा : फिरला की स्टार्टर.

छोटी : फिरला, अप्पा!

अप्पा : मग सुरू कर ना. नुसती काय चाचपत बसलीयेस.

छोटी : करतेय! प्लग बसवते. दादा, पाण्याचा पाइप जोड मागे. नळ सोडू नकोस अजून.

अप्पा : आधी इंजिन, मग पाणी.

छोटी : माहितीय, अप्पा. आधी पाणी सोडलं तर इंजिनात शिरतं. चौथीपासून माहितीय. दादा, तयार? ही बघ, दाबते.

दादा : लागली.

छोटी : पहिल्या दाबाला. सोड पाणी. ऐकतोयस? पहिल्या दाबाला लागली. रविवारपासून हात लावलेला नाही हिला कोणी, समितीनं कुलपात ठेवली होती, आणि पहिल्या दाबाला.

अप्पा : सुरेख चाललीय.

छोटी : काय?

अप्पा : सुरेख चाललीय म्हटलं. हिला काही झालेलं नाही.

छोटी : बंद कर पाणी. मीही बंद करते. झालं. आता काय दाखवू मी त्यांना? चालणारं इंजिन दाखवू? म्हणतील, मधल्या मधे दुरुस्त केलीस आणि चूक झाकलीस.

दादा : मी एक सांगू?

छोटी : सांग.

दादा : तो जुना फिल्टर आहे ना, तू त्या आठवड्यात बदललेला. कचऱ्याच्या डब्यात असेल. तो दाखव. म्हण, हा घाण झाला होता, म्हणून पेट्रोल येत नव्हतं. एवढ्याशा गोष्टीसाठी काम कोणी काढून घेत नाही. मी बोलीन सेक्रेटरीशी, माझं ऐकतो तो.

छोटी : म्हणजे मी माझ्याच तोंडानं सांगू, की फिल्टर न बघता मशीन पाण्यावर पाठवली आणि माणूस मरता मरता वाचला?

दादा : वाचला ना पण.

छोटी : वाचला. तिकीट खिडकीवरच्या बाईंमुळे वाचला. पन्नाशीची बाई, टायरची ट्यूब घेऊन साडीनिशी पोहत गेली. फुप्फुसात पाणी गेलं होतं त्याच्या. तुला माहितीय, मी हॉस्पिटलात गेले होते तेव्हा त्याची बायको काय म्हणाली?

दादा : नको.

छोटी : काही म्हणाली नाही. मी तिचे पाय धरले. म्हटलं, मशीन माझ्या हाताखालून गेली होती, माझं काही चुकलं असेल, मला माफ करा. तिनं नुसते पाय मागे घेतले. मला वाटलं, जमीन दुभंगावी. तू बाहेर मोटरसायकलपाशी उभा होतास म्हणून तुला दिसलं नाही. परत येताना मी तुझ्या पाठीवर डोकं टेकून रडले, तेही तुला कळलं नसेल.

दादा : कळलं होतं.

छोटी : बोलला नाहीस ते.

दादा : काय बोलणार.

छोटी : तसंही बोलायला उरलंय कोण. वहिनी सोडली तर सगळे असे बघतात, जणू मीच त्याला ढकललं. आणि अप्पा. सेक्रेटरी आला तसा हात जोडून म्हणाले, पोरीच्या हातून राहिलं असेल, पदरात घ्या. मला विचारलंसुद्धा नाही. हे गॅरेज मी घेतलं तेव्हापासून वाटच बघत होते बहुतेक, कधी चुकतेय.

दादा : अप्पा तसे नाहीत.

छोटी : तुझ्यासाठी नाहीत. तू त्यांचा जलरक्षक. तुझं काय, तुझी सगळ्यांना कीव आली. बिचारा बटण दाबून दाबून दमला, मशीननं दगा दिला. सगळं खापर या म्हाताऱ्या स्कूटरच्या डोक्यावर, आणि तिच्यावरून घरंगळून माझ्या. फक्त त्या बाई...

दादा : कोण बाई?

छोटी : तिकीट खिडकीच्या. काल त्यांच्याकडे गेले होते. आभार मानायला म्हण. त्यांना विचारलं, तुमची खिडकी धक्क्याला लागून, तुम्हाला आवाज कसा आला? म्हणाल्या, आवाज कसला? आवाजच नव्हता. म्हणून तर मी उठले, म्हणाल्या. रोज हिची घरघर ऐकतात त्या. त्या दिवशी सगळं शांत, म्हणून त्यांनी मान वर करून बघितलं.

दादा : गडबडीत ऐकलं नसेल.

छोटी : मीही तेच म्हटलं. म्हटलं, दादा खोटं कशाला सांगेल.

दादा : पाइप गुंडाळून ठेवतो.

छोटी : दादा.

दादा : काय.

छोटी : बॅटरी भरलेली. प्लग कोरडे. स्टार्टर फिरलाच नव्हता त्या दिवशी. मघाशी तू बटण दाबलंस तेव्हा असाच शुकशुकाट झाला होता.

दादा : छोटे, राहू दे.

छोटी : दोरी कुठे होती?

दादा : मनगटावर.

छोटी : आणि टोपी?

दादा : हातात.

छोटी : लावायला विसरलास. एवढंच ना? घाईत विसरलास. अरे, माणूस आहे, होतं असं. मग मला सांगायचंस ना, वेड्या, मी इथे जीव टांगून बसलेय. विसरलास ना?

दादा : नाही.

छोटी : विसरलास असं म्हण, दादा.

दादा : विसरलो नाही. टोपी हातात होती. खुंटी समोर दिसत होती. लावली नाही.

छोटी : का?

दादा : लावली असती तर ती सुरू झाली असती.

छोटी : मग?

दादा : सुरू झाली असती तर जावं लागलं असतं. मधे, खोल पाण्यात. लोक बघत होते म्हणून बटण दाबत राहिलो. मला माहीत होतं, काही होणार नाही. तरी दाबत राहिलो. मान हलवून दाखवली, मशीनवर हात आपटून दाखवला.

छोटी : तू? तुला मी गुडघ्याएवढा होतास तेव्हापासून पाण्यातच बघतेय.

दादा : तू माझ्यापेक्षा लहान आहेस.

छोटी : बरं, मी गुडघ्याएवढी होते तेव्हापासून. हसवू नकोस मला आता. कधीपासून हे?

दादा : उन्हाळ्याआधी एकदा उलटली ही. पहाटेच्या फेरीला, एकटाच होतो. टोपी निघाली, इंजिन बंद झालं, सगळं जसं व्हायला हवं तसं. पण दोरी हँडलला अडकली आणि मी खाली राहिलो. हिच्या खाली, अंधारात. हात सुटेना. सुटलो कसा ते आठवत नाही. किनाऱ्याला आलो. कपडे वाळवले आणि घरी जाऊन जेवलो.

छोटी : वहिनीला माहितीय?

दादा : ती विचारते, रात्री का उठून बसता. मी म्हणतो, उकडतंय.

छोटी : आणि त्यानंतर रोज तलावावर जात होतास?

दादा : धक्क्यालगत फिरायचो. लांब कोणी ओरडलं की दुसऱ्याला पाठवायचो. कोणाच्या लक्षात आलं नाही. जलरक्षकाला पाण्याची भीती वाटते, हे कोणाच्या लक्षात येणार? सांगायचं तरी कसं? लहान पोरं मला सलाम करतात गं.

छोटी : त्याला बुडताना बघत होतास तू.

दादा : हो.

छोटी : आणि मग मला त्याच्या बायकोचे पाय धरताना.

दादा : ते बघितलं नाही.

छोटी : बाहेर उभा होतास. मला मागे बसवून नेलंस, बाहेर उभा राहिलास, परत आणलंस. मी रडत होते ते पाठीला लागत होतं तुझ्या. आणि आज माझ्यासाठी कचऱ्यातून फिल्टर शोधतोयस. लाज नाही वाटली, दादा?

दादा : तेवढीच वाटतेय, छोटे. दुसरं काही वाटतच नाही.

छोटी : मला तुझ्याकडे बघवत नाहीये.

दादा : नको बघू.

अप्पा : काय चाललंय तिकडे? इंजिन का बंद केलं?

छोटी : काही नाही, अप्पा.

अप्पा : काही नाही कसं? मघापासून दोघांची तोंडं हलतायत आणि ती डोळे पुसतेय. थोरल्या, काय सांगितलंस तिला?

दादा : स्कूटरचं बोलत होतो, अप्पा.

अप्पा : आं?

दादा : दोष सापडला म्हटलं.

अप्पा : ऐकू नाही आलं. इकडे ये आणि मोठ्यानं सांग.

छोटी : अप्पा, दार उघडं आहे. रस्त्यावर ऐकू जाईल.

अप्पा : जाऊ दे. पोरीचं राहिलं असेल, हे मी याच दारात बसून बोललो, तेव्हा रस्त्यावर ऐकू गेलंच की. सांग.

दादा : इंजिनात दोष नव्हता, अप्पा.

अप्पा : ते मघाशी मीच सांगितलं. पुढे.

दादा : दोरीची टोपी लावली नव्हती.

अप्पा : मोठ्यानं.

दादा : टोपी लावली नव्हती! मी. मुद्दाम. मला भीती वाटली पाण्याची, अप्पा. भीती वाटली, म्हणून मी इंजिन सुरूच केलं नाही. आणि सगळ्यांना सांगितलं, मशीन बिघडली. छोटीचं काही चुकलं नव्हतं.

छोटी : पुरे, दादा. तो पानवाला बघतोय.

दादा : बघू दे.

छोटी : अप्पा, आलं का ऐकू?

अप्पा : आलं. कार्बोरेटर कोणी साफ केला होता?

छोटी : मी.

अप्पा : मग पहिल्या दाबाला लागणारच.

दादा : अप्पा, मी जलरक्षकाची शिट्टी आजच परत देतो. दुसऱ्या कोणाला तरी नेमतील ते.

अप्पा : तुझं तू बघ. मी आत्ता तुझ्याशी बोलत नाहीये.

छोटी : फाटकाशी गाडी थांबली, दादा. तेच आहेत. सेक्रेटरी उतरतोय.

दादा : मी उघडतो फाटक. तू इथेच थांब. माझं बोलून झालं की हाक मारतो, मग सुरू करून दाखव त्यांना.

छोटी : सगळं सांगणार आहेस?

दादा : आत्ता ओरडलो तेच सांगायचंय. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही जाणार.

छोटी : आणि त्या माणसाच्या बायकोकडे? हॉस्पिटलात?

दादा : तिथेही जातो. तू येऊ नकोस बरोबर.

छोटी : येतेय कोण. पण बाहेर उभी राहीन. परत यायला मोटरसायकल तुला चालवता येणार नाही.

दादा : बरं.

छोटी : जा मग. खोळंबलेत ते.

अप्पा : छोटे.

छोटी : काय, अप्पा?

अप्पा : गेला?

छोटी : गेला. बोलतोय त्यांच्याशी. सेक्रेटरीनं चष्मा काढलाय.

अप्पा : मी तुला विचारलं नाही. इंजिनाचा आवाजही ऐकला नाही. सरळ हात जोडून मोकळा झालो.

छोटी : राहू द्या आता.

अप्पा : राहू द्या काय. ती काठी दे माझी. मला ने फाटकापर्यंत. मलाही त्या माणसाशी बोलायचंय.

छोटी : चालवेल तुम्हाला तिथपर्यंत?

अप्पा : नाही चालवलं तर धरायला तू आहेस ना.